सुकेशनीचा आक्षेप

जिंतूरच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात सुकेशनी वाव्हळे गणित शिकवते आणि मी मराठी. अकरा वर्षं आमची टेबलं एकमेकांना लागून होती. डबा एकत्र, एसटी स्टँडपर्यंतची चाल एकत्र, पेपर तपासणंही एकत्र. मी तिच्याहून सहा वर्षांनी मोठी, म्हणून ती मला राजूताई म्हणायची. दोन वर्षांखाली जे झालं ते मी आजवर कुणाला तोंडानं सरळ सांगितलं नाही, कारण त्यात माझाही हात आहे. आता सांगते.

सुकेशनीचं माहेर देवगाव फाट्यापासून चार किलोमीटर आत. वडील लिंबाजी कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, आई बायनाबाई लोकांच्या शेतात कापूस वेचायला जायची. दहावीला पोरीला गणितात अठ्ठ्याण्णव पडले तेव्हा लिंबाजी तिचा हात धरून जिंतुरात दिनकररावांच्या दारात आले. दिनकरराव म्हणजे आमच्या तालुक्यातला गणिताचा शेवटचा शब्द. लिंबाजी पायरीवरच उभे राहिले. म्हणाले, "सर, हिला काय येतंय ते मला कळत न्हाई. तुमी बघा." दिनकररावांनी त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली, आणि त्यांच्या पत्नी मनकर्णामामींनी सगळ्यांसारखाच कपबशीत चहा आणला. लिंबाजींच्या पिढीला त्या कपबशीचं मोल काय होतं, हे आजच्या पोरांना सांगून कळायचं नाही. त्यानंतर दोन वर्षं सुकेशनी त्या घरात शिकली. दुपारची भाकरी पुष्कळदा तिथंच खाल्ली. घरी लिंबाजी येता-जाता म्हणायचे, "असा माणूस म्या पाह्यला न्हाई."

हे दिनकरराव माझ्या यजमानांचे सख्खे मामा. हेही इथंच सांगून टाकते.

अकरावीतली एक गोष्ट सुकेशनी मला नेहमी सांगायची. सर घरच्या शिकवणीत फळ्यावर एकात एक अशी दोन फंक्शन्स गुंफून दाखवत होते. आधी एक भागिले एक्स. त्याचं जे उत्तर येईल त्यातून दोन वजा करायचे आणि पुन्हा एकला त्यानं भागायचं. सोपं करत गेलं की शेवटी एक्स भागिले एक वजा दोन एक्स असं सुटसुटीत रूप येतं. सरांनी विचारलं, यात एक्सच्या जागी कोणती संख्या चालणार नाही? सगळा वर्ग ओरडला, अर्धा. कारण अर्धा घातला की खाली शून्य येतं. सर म्हणाले, "शाब्बास. अर्धा सोडून सगळ्या चालतात."

मागच्या बाकावरून सुकेशनी म्हणाली, "सर, शून्य पण चालत न्हाई."

"शून्याची काय अडचण हाय? शून्य घातल्यावर खाली एक येतोय की."

"ते शेवटी, सर. पण सुरुवातीलाच एक भागिले शून्य करावं लागतंय. तिथंच अडतंय. शेवटापर्यंत जायचंच कसं?"

सरांनी खडू खाली ठेवला आणि हसले. ते मुद्दाम चुकले होते. कोण पकडतंय ते बघायची त्यांची ती सवय होती. वर्षातून पाच-सहा वेळा ते असं करायचे आणि बहुतेक वेळा कुणीच पकडायचं नाही. त्या दिवशी त्यांनी तिची वही मागितली आणि लाल शाईनं लिहिलं, 'सोप्या केलेल्या रूपावर विश्वास ठेवू नये. आधी आतल्या फंक्शनला विचारावे.' खाली सही आणि तारीख.

मला यातलं काही कळत नव्हतं. एकदा डबा खाताना तिनं मला समजावलं होतं. "जिनिंगमध्ये बघ राजूताई, कापूस आधी यंत्रात जातो, सरकी बाजूला पडती आणि रुई निघती. मग रुई प्रेसमध्ये जाती आणि गठाण होती. आता ओला कापूस असंल तर पहिलं यंत्रच घेत न्हाई. मग प्रेस कितीबी चांगली असू दे, त्या कापसाची गठाण होईल का? फंक्शनचं तसंच. कोणती संख्या आत जाऊ शकती, त्या सगळ्यांना मिळून डोमेन म्हणतात." मराठी पुस्तकात त्याला प्रांत म्हणतात. मला तो शब्द आवडला होता.

तर दोन वर्षांखालची गोष्ट. परभणीचं एक शिक्षकांचं मंडळ बारावीच्या मुलांसाठी जिल्हाभर गणिताची स्पर्धा घेतं. पहिल्या तिघांना मे महिन्यात पुण्याच्या शिबिरात महिनाभर मोठ्या प्राध्यापकांच्या हाताखाली शिकायला मिळतं. त्या वर्षी आमच्या कॉलेजातून साक्षी बसली होती. तिचे वडील भगवानराव जिंतूर-परभणी रस्त्यावर काळीपिवळी चालवतात. अबोल मुलगी, पण गणित सोडवताना ओठ हलायचे, जणू कुणाशी तरी भांडतेय. सुकेशनीनं तिला वर्षभर घडवलं होतं.

निकाल लागला. साक्षी चौथी आली, एका गुणानं.

दुसऱ्या दिवशी सुकेशनी साक्षीची तपासलेली उत्तरपत्रिका आणि उत्तरसूची घेऊन माझ्या टेबलाशी आली. चेहरा लाल झाला होता. "हे बघ. चार मार्कांचा प्रश्न हाय. साक्षीनं बरोबर लिहिलंय आणि शून्य दिलंय."

"तुला कसं कळलं बरोबर हाय म्हणून?"

"तूच बघ ना. आधी एक्समधून पाच वजा करून त्याचं वर्गमूळ काढायचं. मग त्या वर्गमुळाचा वर्ग करून तीन मिळवायचे. वर्गमूळ काढलं आणि लगेच वर्ग केला, म्हणजे दोन्ही एकमेकाला खाऊन टाकतात. उरलं काय? एक्स वजा पाच अधिक तीन. म्हणजे एक्स वजा दोन. वरून बघणाऱ्याला वाटतंय की यात कोणतीबी संख्या घाला. उत्तरसूचीत तेच छापलंय, सगळ्या वास्तव संख्या. आता तू एक घाल."

मी घातला. "एकातून पाच गेले. उणे चार."

"काढ उणे चारचं वर्गमूळ."

"कसं काढू?"

"मग? पहिल्याच पायरीला अडलीस ना? साक्षीनं लिहिलंय पाचपासून पुढं. तेच बरोबर हाय."

तिनं आक्षेप लिहून पाठवला. आठ दिवसांनी मंडळाचं पत्र आलं. आक्षेप ऐकायला तिघांची समिती नेमली होती आणि अध्यक्ष होते दिनकरराव. पत्र वाचून सुकेशनी खुर्चीतून उठलीच. "सर हायेत! मग काय, झालंच काम." मला टाळी दिली. साक्षीला वर्गातून बोलावून घेतलं आणि सांगितलं, पुण्याची तयारी कर.

मी त्या टाळीच्या वेळी गप्प बसले. पेपर कुणी काढला ते मंडळ सांगत नाही, पण मला माहीत होतं. दिनकररावांचा मुलगा माऊली परभणीत शिकवतो आणि मंडळाचा सचिव आहे. पेपर त्यानं काढला होता. घरात जेवताना आमचे यजमान कौतुकानं बोलले होते. मला वाटलं, असेना का. मामा गणिताच्या बाबतीत बापाचंसुद्धा ऐकायचे नाहीत, मग पोराचं काय ऐकतील? म्हणून मी तिला बोलले नाही. निदान तेव्हा मी मनाशी असंच म्हटलं.

बैठक परभणीत, एका शाळेच्या खोलीत, दुपारी तीनला होती. सुकेशनीनं मला सोबत नेलं. तिच्या पर्समध्ये अकरावीची ती वही होती. दिनकरराव व्हरांड्यातच भेटले. ती वाकून पाया पडली.

"सर, पुरावाच आणलाय मी," ती हसत म्हणाली. "तुमचा तुमाला दाखवायचा." आणि लाल शाईचं पान उघडून वही त्यांच्या हातात दिली.

त्यांनी चष्मा वर करून ते पान वाचलं. नको तितका वेळ वाचलं. मग वही मिटली. "असू दे माझ्याकडं. आत लागंल." वही कापडी पिशवीत टाकून ते आत गेले. मी हातभर अंतरावर उभी होते.

आत टेबलामागं तिघं होते. मधे दिनकरराव. डावीकडं व्यंकटराव, कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले, संख्याशास्त्राचे. तिसरे गृहस्थ सारखे मोबाइल बघत होते. कोपऱ्यात माऊली टिपण घ्यायला बसला होता. त्यानं मला 'वहिनी' म्हणून नमस्कार केला.

सुकेशनीनं मुद्दा मांडला. दोन मिनिटांत, नीट. दिनकररावांनी ऐकून घेतलं आणि समोरच्या कागदाकडं बघत म्हणाले, "फंक्शन शेवटी एक्स वजा दोन येतं. ही बहुपदी हाय. बहुपदीचा प्रांत सगळ्या वास्तव संख्या. उत्तरसूची बरोबर हाय."

सुकेशनी हसली. मला तिचं ते हसू आजही दिसतं. तिला वाटलं, सर मुद्दाम चुकलेत, जुन्या सवयीनं. ती पोरीसारखी फळ्याशी गेली, खडू घेतला, एक लिहिला, त्यातून पाच वजा केले, उणे चारवर वर्गमुळाची खूण काढली आणि वळली. "सर, इथं अडतंय."

 व्यंकटरावांनी कागदावर काहीतरी केलं, चष्मा काढला आणि दबकत म्हणाले, "दिनकरराव, बाईंच्या म्हणण्यात तथ्य..."

"व्यंकटराव, निकाल जाहीर झालाय. पोरांचे सत्कार झालेत. बारावीच्या पोरांच्या स्पर्धेत एवढा कीस काढायचा नसतो."

तेव्हा तिच्या लक्षात आलं. खडू तिच्या हातातच होता. आवाज खाली आला. "सर, अकरावीला तुमीच शिकवलंय हे. तुमच्या हातानं लिहून दिलंय. वही तुमच्याजवळ हाय."

"कोणती वही?"

"मघाशी दिली ती. तुमच्या पिशवीत हाय."

दिनकरराव इतरांकडं बघून म्हणाले, "मुली भावनेच्या भरात बोलतात. एवढी वर्षं झाली, शेकड्यांनी वह्या पाहिल्यात मी."

सुकेशनी माझ्याकडं वळली. "राजूताई, तू होतीस ना? सांग ना यांना."

दिनकररावांनीही माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. घरातल्या सुनेकडं जसं बघतात तसं, की ही काय आपलीच आहे. माऊलीनं पेन खाली ठेवलं होतं.

मी म्हणाले, "मी जरा बाजूला होते. माझ्या नीट लक्षात न्हाई."

पिशवी टेबलाच्या पायाला टेकून ठेवली होती. वहीचा निळा कोपरा तिच्यातून दिसत होता. मला दिसत होता, म्हणजे व्यंकटरावांनाही दिसला असणार. आक्षेप फेटाळल्याच्या कागदावर तिघांनीही सह्या केल्या.

रिक्षानं आम्ही स्टँडवर आलो. जिंतूरची एसटी लागली, आम्ही बसलो, झरी गाव मागं पडल्यावर तिनं विचारलं, "पेपर माऊलीनं काढला होता?"

"हो."

"तुमाला आधीपासून माहीत होतं?"

तुमाला. अकरा वर्षांत तिनं मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. मी हो म्हणाले. ती खिडकीकडं तोंड करून बसली आणि जिंतूर आल्यावर माझी वाट न बघता उतरली. दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेले तर तिचं टेबल खिडकीशी सरकवलेलं होतं. पुस्तकं, डबा, सगळं तिकडं.

पुढचं मला तिच्या तोंडून कळलेलं नाही. तिचे यजमान सिद्धोधन एसटी डेपोत मेकॅनिक आहेत. त्यांनी एकदा स्टँडवर सांगितलं. परभणीहून आल्यावर त्या रविवारी ती माहेरी गेली होती. लिंबाजींना सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "सर खोटं बोलत नसतेत. तुझंच कुठं तरी चुकलं असंल, बघ." ती तशीच उठली. फाट्यापर्यंत चालत आली. सिद्धोधन म्हणाले, "मॅडम, ती त्या खोलीत रडली न्हाई. बाप असं बोलल्यावर रडली."

बाकीचं मनकर्णामामींनी सांगितलं. सुकेशनी एकदा त्यांच्या घरी गेली. मामींनी आत ये म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. म्हणाली, "सरांना सांगा, माझी वही पाहिजे."

दिनकरराव स्वतः वही घेऊन बाहेर आले. एक पानही फाटलं नव्हतं.

"फाडून टाकायची होती, सर," ती म्हणाली.

"हात धजला न्हाई." थोडं थांबून ते म्हणाले, "तुला पोरगा न्हाई म्हणून कळत न्हाई. पेपर चुकला म्हणून छापून आलं असतं तर माऊलीचं नाव कायमचं गेलं असतं. एका वर्षाची गोष्ट हाय. साक्षी हुशार हाय, तिचं काय बिघडतंय?"

"तिचं बिघडतंय ते मी बघीन. तुमी मला फळ्यावर जाऊ दिलं, सर. मी तिथं उभी राहून हसायले होते. तुमी मला हसू दिलं."

 ते आत गेले. मामींनी चहाला थांब म्हटलं, ती नको म्हणाली.

साक्षी पुण्याला गेली नाही. बोर्डाच्या परीक्षेआधी एकदा मी गणिताच्या वर्गावरून जात होते, तेव्हा तिचा आवाज ऐकला. "मॅडम, बोर्डाच्या पेपरला असं आलं तर काय लिहू? आपलं का त्यांचं?"

"बरोबर हाय ते लिही."

"आणि कापले तर?"

 "कापू दे," सुकेशनी म्हणाली. पण मला त्या आवाजात पूर्वीची खात्री ऐकू आली नाही. साक्षी पुढं परभणीला बीएस्सीला गेली. पहिल्या वर्षानंतर तिनं गणित सोडलं आणि केमिस्ट्री धरली. भगवानराव सांगत होते, पोरगी म्हणती त्यात निदान नळीत रंग बदललेला सगळ्यांना दिसतो.

पुढच्या वर्षी मंडळानं सरावासाठी एक पुस्तिका काढली. संपादक माऊली. कॉलेजच्या टपालात तीन प्रती आल्या. मधल्या सुट्टीत सुकेशनी माझ्या टेबलाशी आली, वर्षभरात पहिल्यांदाच, आणि एक प्रत उघडून माझ्यासमोर ठेवून गेली. तेच उदाहरण होतं, तेच पाच आणि तेच तीन. उत्तर बरोबर छापलं होतं, आणि खाली चौकटीत सूचना होती, 'येथे विद्यार्थी हमखास चुकतात.' मी ती पुस्तिका मिटली. तास झाल्याची घंटा मला ऐकू आली नाही.

तिनं मला कधी जाब विचारला नाही. लोकांसमोर व्यवस्थित बोलते. मॅडम, हजेरीपट देता का. मॅडम, आज माझा तास तुम्ही घ्याल का. भांडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

या जूनमध्ये मी मंडळाला पत्र लिहिलं. वही माझ्यासमोर दिली गेली, ती दिनकररावांनी पिशवीत ठेवली, आणि मी बैठकीत खोटं बोलले, असं सरळ लिहिलं. उत्तर काय होतं आणि साक्षीचे गुण कसे कापले गेले तेही लिहिलं. यजमानांना आधी दाखवलं. ते म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाला या वयात कशाला?" मग जेवण अर्धं टाकून उठले. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पत्र टाकायच्या आधी मी ते खिडकीशी नेऊन सुकेशनीला दिलं. ती एकटीच होती. तिनं उभ्यानंच वाचलं, दोन्ही पानं. मला वाटलं काही बोलेल. चांगलं नाही तर वाईट, पण काहीतरी.

तिनं दुसऱ्या पानावर एका ठिकाणी बोट ठेवलं. "इथं पाचपेक्षा मोठ्या संख्या लिहिलंय तुम्ही, मॅडम. पाच पण चालतो. पाचातून पाच गेले की शून्य, आणि शून्याचं वर्गमूळ निघतं. पाच धरून लिहा."

मी तिच्याच टेबलावर ओळ खोडून नीट लिहिली. तिनं पुन्हा वाचली, मान हलवली आणि हजेरीपट घेऊन तासाला गेली. मी पोस्टात जाऊन पत्र रजिस्टर केलं. त्याला तीन महिने झाले. मंडळाकडून अजून काही आलेलं नाही.